मिनिटांचे मोल : महानगरातील प्रवाशाच्या वेळेचा हिशेब

रेल्वेमार्ग, मेट्रो, उड्डाणपूल किंवा सागरी सेतू बांधावा की नाही याचा निर्णय घेताना खर्चाच्या बाजूला जमीन, सिमेंट, पोलाद आणि मजुरी यांचे आकडे येतात, तर लाभाच्या बाजूला बहुतेक प्रकल्पांत सर्वांत मोठा आकडा प्रवाशांच्या वाचणाऱ्या वेळेचा असतो. सी. डी. फॉस्टर आणि मायकेल बीस्ली यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेतील व्हिक्टोरिया मार्गाचा जो अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध केला, त्यात केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर तोट्याचा दिसणारा हा मार्ग प्रवाशांचा वाचणारा वेळ आणि कमी होणारी गर्दी हिशेबात धरताच समाजाच्या दृष्टीने फायद्याचा ठरतो, असे दाखवून देण्यात आले. १९६८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या त्या मार्गानंतर जगभरच्या वाहतूक-नियोजनात ‘प्रवासवेळेचे मूल्य’ ही संकल्पना रुजली. प्रवासातला ठरावीक वेळ वाचवण्यासाठी माणूस जास्तीत जास्त जितके पैसे मोजायला तयार असतो, ती रक्कम म्हणजे त्या वेळेचे मूल्य, अशी तिची साधी व्याख्या करता येते. करोनापूर्व काळात मुंबईच्या उपनगरी रेल्वेने रोज सुमारे ७५ लाख प्रवासी जात-येत असत. त्यांतील प्रत्येकाचे एक मिनिट वाचले तरी दिवसाकाठी सव्वा लाख तास होतात. या सव्वा लाख तासांची किंमत काय धरायची, यावर कोट्यवधी रुपयांचे निर्णय फिरू शकतात.

या प्रश्नाला सैद्धांतिक चौकट दिली ती अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ साली लिहिलेल्या निबंधाने. पैशाप्रमाणेच वेळही मर्यादित असतो आणि प्रवासात गेलेला तास कामाला लावला असता तर त्याची मजुरी मिळाली असती; म्हणून त्या मजुरीला प्रवासाचा ‘संधी-खर्च’, म्हणजे एका गोष्टीसाठी दुसरी सोडल्याने झालेले नुकसान, मानावे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. मांडणी देखणी असली तरी महानगरातल्या नोकरदाराला ती पुरेशी लागू पडत नाही, कारण ज्याच्या कामाचे तास ठरलेले आहेत त्याला सकाळी वाचलेली दहा मिनिटे पगारात बदलून घेता येत नाहीत. १९७१ साली ॲलन डीसर्पा यांनी या कोड्याची उकल पुढे नेली. वेळ वाचवण्याच्या मूल्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, असे त्यांच्या विवेचनातून स्पष्ट झाले : एक, मोकळ्या झालेल्या वेळेचा दुसरीकडे होणारा उपयोग, आणि दुसरी, खुद्द त्या प्रवासातला त्रास टळल्याचा लाभ. खिडकीजवळ बसून पुस्तक वाचत केलेला अर्धा तास आणि दारात एका पायावर उभे राहून काढलेला अर्धा तास घड्याळाच्या लेखी सारखे असले, तरी दुसरा टाळण्यासाठी माणूस कितीतरी जास्त देईल. अमेरिकेच्या परिवहन विभागाच्या मार्गदर्शक सूचनांत स्थानिक खासगी प्रवासाचा वेळ तासाच्या उत्पन्नाच्या सुमारे निम्म्या दराने, तर कामाच्या वेळेत कामासाठी केलेला प्रवास पूर्ण दराने धरतात. असा संकेत हिशेबाला सोयीचा असला, तरी त्या सरासरीत वरील दुसरा घटक हरवून जातो, आणि मुंबईसारख्या शहरात नेमका तोच घटक सर्वांत मोठा आहे.

मूल्य मोजण्याची मूळ रीत निवडीवर आधारलेली आहे. समजा, एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यास बसला ४० मिनिटे आणि २० रुपये लागतात, मेट्रोला २५ मिनिटे आणि ३० रुपये. तर मेट्रो निवडणारा प्रवासी १५ मिनिटांसाठी १० रुपये, म्हणजे तासाला किमान ४० रुपये द्यायला तयार आहे आणि बस निवडणाऱ्याच्या लेखी त्याच्या वेळेचे मूल्य त्याहून कमी आहे, असा निष्कर्ष काढता येतो, अर्थात इतर सर्व गोष्टी सारख्या असतील तर. अशा हजारो निवडी गोळा करून वेळेचा आणि पैशाचा निर्णयावर स्वतंत्रपणे किती प्रभाव पडतो हे संख्याशास्त्राने काढले, की त्या दोन प्रभावांचे गुणोत्तर म्हणजे वेळेचे मूल्य. या पद्धतीला भक्कम पाया दिला तो डॅनियल मॅकफॅडन यांनी. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘बार्ट’ ही रेल्वे १९७२ साली सुरू होण्यापूर्वी कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक ती वापरतील असे अधिकृत भाकीत होते, तर मॅकफॅडन यांच्या गटाने ६.३ टक्के असा अंदाज वर्तवला. प्रत्यक्षात आकडा ६.२ टक्के निघाला. निवडीच्या विश्लेषणाबद्दल त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्यक्ष वागणुकीतून अशी जी माहिती मिळते तिला ‘प्रकट पसंती’ म्हणतात, आणि प्रवाशापुढे काल्पनिक पर्याय ठेवून मिळवलेल्या उत्तरांना ‘कथित पसंती’. अजून न बांधलेल्या मार्गाबद्दल दुसऱ्या पद्धतीखेरीज गत्यंतर नसते, पण कागदावर हो म्हणणारा माणूस तिकीटखिडकीपाशी खिसा चाचपतो, हे ओळखून त्या उत्तरांना प्रकट पसंतीची कसोटी लावावी लागते.

मुंबईची लोकल ही प्रकट पसंतीची एक विलक्षण प्रयोगशाळा आहे, आणि तिच्यातला सर्वांत बोलका प्रयोग प्रवाशांनी स्वतःच रचलेला आहे. सकाळच्या गर्दीत मुंबईकडे येणारी गाडी आपल्या स्थानकात शिरेपर्यंत खचाखच भरलेली असते, हे जाणणारे कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यातील काही प्रवासी आधी उलट दिशेच्या गाडीने डोंबिवली किंवा कल्याणपर्यंत जातात, जागा धरतात आणि तीच गाडी परत फिरली की तिच्यातूनच मुंबईला येतात. या प्रकाराला ‘रिटर्न’ असे रुळलेले नाव आहे आणि त्यावरून मूळ स्थानकावर ताटकळणाऱ्या प्रवाशांशी होणारे वादही तितकेच रुळलेले आहेत. वाहतूक-अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर हा प्रवासी मुद्दाम अधिक लांबचा पास काढतो, अधिक वेळ गाडीत घालवतो आणि त्या बदल्यात केवळ बसायची जागा मिळवतो. प्रवासाचा वेळ कमी करण्यासाठी माणूस पैसे देतो असे जे सूत्र सांगते, त्याच्या नेमके उलट वर्तन येथे दिसते. पैसेही जास्त आणि वेळही जास्त. तरीही हा व्यवहार शहाणपणाचा आहे, कारण उभ्याने चेंगरून काढलेले एक मिनिट बसून काढलेल्या एका मिनिटापेक्षा दुपटीहून जड असेल, तर मिनिटांची संख्या वाढूनही एकूण ओझे कमी होते.

याच सत्याची दुसरी बाजू पहिल्या वर्गाच्या डब्यात दिसते. पहिला वर्ग त्याच गाडीला जोडलेला, त्याच क्षणी सुटणारा आणि त्याच क्षणी पोहोचणारा. त्याचा पास दुसऱ्या वर्गाच्या कितीतरी पट महाग, पण त्याने एक सेकंदही वाचत नाही. गर्दीच्या वेळी तिथेही जागा मिळेलच असे नाही. म्हणजे त्या जादा रकमेतून प्रवासी वेळ विकत घेत नसतो, थोडा श्वास घेण्याइतका अवकाश विकत घेत असतो. डिसेंबर २०१७ मध्ये वातानुकूलित लोकल सुरू झाली तेव्हा तिचे भाडे अनेकांना परवडेना. मे २०२२ मध्ये एकेरी तिकिटाचे दर निम्म्यापर्यंत खाली आणल्यावर प्रवासी लक्षणीय वाढले. या गाड्यांच्या फेऱ्या कमी असल्याने त्यांच्यासाठी काही जण समोर आलेली साधी गाडी सोडून देतात, आणि हीही वेळ देऊन सोय घेण्याचीच रीत आहे. परदेशातील अभ्यासांत गर्दीचे ओझे मोजण्यासाठी ‘गुणक’ वापरतात : निवांत बसलेल्या प्रवाशाचे मिनिट एक धरले, तर दाटीत उभ्या असलेल्याचे मिनिट दीड, दोन किंवा त्याहून अधिक भरते. पण युरोपातील असे बहुतेक गुणक दर चौरस मीटरला पाच-सहा उभे प्रवासी या मर्यादेपर्यंतच काढलेले असतात, आणि मुंबईच्या गर्दीच्या वेळी तोच आकडा १४ ते १६ असल्याचे खुद्द रेल्वेच्या कागदपत्रांत नमूद होत आले आहे. त्या पातळीवर गुणक किती असावा हे तिकडच्या तक्त्यांत सापडणार नाही. ते इथेच, इथल्या प्रवाशांना विचारून आणि त्यांच्या वागण्यातून ताडून पाहावे लागेल.

गाडीबाहेरच्या मिनिटांचेही असेच आहे. थांब्यावर वाट पाहण्यात किंवा स्थानकापर्यंत चालण्यात गेलेला वेळ गाडीतल्या वेळेच्या साधारण दीडपट ते दुप्पट जाचक वाटतो, असे अनेक देशांतील अभ्यासांतून पुन्हापुन्हा आढळले आहे. वाट पाहताना माणूस काही करू शकत नाही आणि केव्हा सुटका होईल हेही त्याला ठाऊक नसते. त्यामुळे बसची गती वाढवण्यापेक्षा बसची संख्या वाढवणे अनेकदा अधिक मोलाचे ठरते, कारण दर वीस मिनिटांनी येणारी बस दर दहा मिनिटांनी येऊ लागली तर सरासरी प्रतीक्षा पाच मिनिटांनी घटते आणि त्या पाच मिनिटांचे वजन दहापर्यंत जाऊ शकते. रस्त्यावर दहा मिनिटांचा धावण्याचा वेळ वाचवण्यासाठी किती खर्च येतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना बसगाड्या विकत घेण्यातली काटकसर वेगळी सांगावी लागू नये.

वेळेच्या मूल्यातला तिसरा पदर खात्रीचा आहे. विल्यम विक्री यांनी १९६९ साली रहदारीच्या कोंडीचे जे गणित मांडले, त्याच्या मुळाशी ठरल्या वेळेच्या आधी किंवा नंतर पोहोचण्याची किंमत होती. पुढे १९८२ मध्ये केनेथ स्मॉल यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील मोटारीने कामावर जाणाऱ्यांचा अभ्यास करून असे काढले, की एक मिनिट लवकर पोहोचणे त्यांना प्रवासातल्या एका मिनिटाच्या सुमारे सहा दशांश इतके नकोसे वाटते, तर एक मिनिट उशीर जवळपास अडीच मिनिटांइतका. ज्या कार्यालयात हजेरीच्या नोंदीवर ‘लेट मार्क’ लागतो आणि अशा काही नोंदींनंतर रजा किंवा पगार कापला जातो, तिथे उशिराची किंमत मिनिटांच्या प्रमाणात न वाढता एका क्षणी उडी घेते. म्हणूनच सरासरी पन्नास मिनिटे लागणारा पण कधी चाळीस तर कधी ऐंशी मिनिटे घेणारा रस्ता आणि रोज नेमकी पंचावन्न मिनिटे घेणारी गाडी यांत बहुतेक नोकरदार गाडी निवडतील. मुंबईकर आपली गाडी मिनिटासकट ओळखतो, आठ बाराची, आठ सत्ताविसाची, यामागे हीच खात्रीची भूक आहे. त्याचा आणखी एक परिणाम हिशेबात सहसा येत नाही : स्थानकात दोन मिनिटे लवकर पोहोचून एखाद्याला आधीची गाडी मिळत नसेल तर त्या दोन मिनिटांचे मूल्य त्याच्यापुरते जवळपास शून्य असते, आणि मिळत असेल तर तेच दोन मिनिटांचे अंतर पुढच्या जोडगाडीसह पाऊण तास वाचवू शकते. छोट्या बचतींना मोल द्यावे की नाही यावर तज्ज्ञांत जुना वाद आहे. लाखो प्रवाशांची सरासरी काढल्यावर हे शून्य आणि पाऊण तास एकमेकांत मिसळतात आणि सरासरी दर टिकतो, हे त्यावरचे उत्तर गणिताने बरोबर आहे, मात्र त्या सरासरीत कोणत्या प्रवाशाचे काय झाले हे दिसत नाही.

या सर्व गोष्टी ध्यानात घेऊन शहरातील अलीकडचे प्रकल्प पाहिले, की फरक स्पष्ट होतो. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोने ११.४ किलोमीटरचा पूर्व-पश्चिम प्रवास सुमारे वीस मिनिटांवर आणला. त्याच प्रवासाला गर्दीच्या वेळी रस्त्याने तासाहून अधिक लागे. इथे वेळ, प्रतीक्षा आणि अनिश्चितता ही तिन्ही ओझी एकदम हलकी झाली, आणि बसपेक्षा अधिक भाडे असूनही गाड्या भरल्या. वांद्रे–वरळी सागरी सेतू २००९ मध्ये आणि २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. मोटारीला अटल सेतूवर एका फेरीसाठी २५० रुपये पथकर ठरला. दोन्ही सेतूंवरची रहदारी आरंभीच्या अंदाजांपेक्षा कमी राहिली. वेळ वाचतो हे निर्विवाद असूनही ही तूट दिसते, याचा एक सरळ अर्थ असा की रोजच्या जाण्या-येण्यासाठी तेवढी रक्कम मोजण्याइतके वेळेचे मूल्य असणारे मोटारचालक अंदाजातील संख्येपेक्षा थोडे आहेत. सागरी किनारा मार्गावर तर पथकरच नसल्याने त्या वाचलेल्या मिनिटांसाठी कोण किती देईल, हे उघड होण्याचा प्रसंगच येत नाही. या तिन्ही रस्त्यांवर दुचाकींना आणि रिक्षांना प्रवेश नाही, ही बाबही लाभाच्या वाटपाचा विचार करताना नजरेआड करता येणार नाही.

येथे हा विषय तंत्राच्या पलीकडे, न्यायाच्या प्रदेशात जातो. वेळेचे मूल्य उत्पन्नाला बांधले, तर मोटारीतल्या एकाचा तास बसमधल्या अनेकांच्या तासांना भारी पडतो, आणि प्रकल्पांची तुलना करताना पारडे आपोआप मोटारींच्या रस्त्याकडे झुकते. भारतीय महामार्गांच्या आर्थिक मूल्यमापनासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची जी पुस्तिका वापरतात, तिच्यात मोटार, दुचाकी आणि बस यांतील प्रवाशांच्या वेळेला वेगवेगळे दर आहेत. ब्रिटनमध्ये मात्र कामावर जाण्या-येण्याच्या प्रवासासाठी उत्पन्नानुसार भेद न करता राष्ट्रीय सरासरी दर लावण्याची प्रथा आहे, आणि सार्वजनिक पैशाच्या वाटपासाठी हीच प्रथा अधिक योग्य आहे, कारण कमी मजुरीचा माणूस कमी पैसे देऊ शकतो याचा अर्थ त्याला वेळेची गरज कमी आहे असा होत नाही. बहुधा दिवसभर राबणाऱ्याकडेच मोकळा वेळ सर्वांत तुटपुंजा असतो. जागतिक बँकेसाठी मुंबईत २००३-०४ च्या हिवाळ्यात सुमारे पाच हजार कुटुंबांची पाहणी झाली, तेव्हा कामावर जाणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक पायी जात असल्याचे आणि गरीब कुटुंबांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक असल्याचे आढळले. हे लोक तिकीट काढत नाहीत, पथकर भरत नाहीत, आणि ज्या निवडींवरून मूल्य काढायचे त्या निवडीच त्यांच्यापुढे नसल्याने पुष्कळ प्रतिमानांत त्यांची मिनिटे उमटतही नाहीत.

स्त्रियांच्या वेळेबाबत हिशेब आणखी तोकडा पडतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातल्या माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जातो, तर ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने संध्याकाळी वाचलेली पंधरा मिनिटे मजुरीच्या दराने मोजताच येत नाहीत, कारण त्यांच्या दुसऱ्या टोकाला पाळणाघर बंद होण्याची वेळ, मुलाचा अभ्यास आणि स्वयंपाक असतो. मे १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर चर्चगेट–बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल धावली. ती कोणापेक्षा वेगवान नव्हती, पण तिने सुरक्षित आणि उपयोगात आणता येईल असा वेळ दिला. परतीच्या गाडीत भाजी निवडणाऱ्या स्त्रियांनी प्रवासाच्या वेळेचा काही भाग घरकामाच्या वेळेतून वजा केलेला असतो, आणि अशा वेळेत ‘वाया गेलेला’ भाग किती, हे घड्याळावरून सांगता येत नाही.

वाचलेला वेळ अखेर जातो कुठे, हा प्रश्नही साधा नाही. याकोव झहावी यांनी १९७० च्या दशकात जागतिक बँकेसाठी केलेल्या कामात असे मांडले, की निरनिराळ्या शहरांतील माणसे दिवसाला प्रवासासाठी सरासरी साधारण तासा-सव्वा तासाचा वेळ खर्ची घालतात आणि गती वाढली की तो वेळ वाचवण्याऐवजी अधिक लांब जाण्यात घालतात. ‘प्रवास-वेळेचे अंदाजपत्रक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कल्पनेला अपवाद अनेक आहेत, मुंबईच्या टोकांच्या उपनगरांतील प्रवासी तर त्या सरासरीच्या फार पुढे गेलेले आहेत. परंतु दिशा खरी आहे. विरार, बदलापूर किंवा पनवेल येथे घर घेणाऱ्या कुटुंबाने घरभाड्याची किंवा घराच्या किमतीची बचत वेळेच्या मोबदल्यात मिळवलेली असते. तिथली गाडी जलद झाली की तिथली जागा महागते, आणि भाडेकरूच्या हाती आलेली मिनिटे काही काळाने वाढलेल्या भाड्यातून घरमालकाकडे सरकतात. म्हणून एखाद्या मार्गाचा लाभ प्रवाशांच्या वेळेत मोजून पुन्हा जमिनीच्या वाढलेल्या किमतीतही मोजला, तर एकाच लाभाची दोनदा नोंद होते. आणि कोणाचा लाभ, हा प्रश्न त्या दोन्ही आकड्यांनी सुटत नाही.

काही मिनिटे वाचवण्याची किंमत कधी जिवानेही मोजली जाते. मुंबई महानगराच्या रेल्वेमार्गांवर २०२३ साली अडीच हजारांच्या आसपास माणसे मृत्यू पावली. यातील मोठा वाटा रूळ ओलांडताना झालेल्या मृत्यूंचा होता. पूल दूर असतो, त्याचे जिने उंच आणि तुडुंब भरलेले असतात, आणि समोरच्या फलाटावर गाडी उभी असते; रूळ ओलांडणाऱ्याच्या बेपर्वाईबद्दल फलक लावले जातात, पण पुलावरून जायला लागणाऱ्या वाढीव मिनिटांची बेरीज कुणी करत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला, त्यानंतर लष्कराच्या मदतीने तिथे, करी रोड येथे आणि आंबिवलीला नवे पूल काही महिन्यांत उभे राहिले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये खुले झाले. सागरी मार्गाच्या तुलनेत त्यांचा खर्च नगण्य होता. चालण्याच्या आणि खोळंब्याच्या मिनिटांना त्यांचे खरे, दुप्पट वजन देऊन, प्रत्येक प्रवाशाच्या वेळेला एकच दर लावून प्रकल्पांची क्रमवारी पुन्हा मांडली, तर जिने रुंद करणे, फलाटांच्या दोन्ही टोकांना पूल जोडणे, सरकते जिने चालू ठेवणे आणि बसच्या फेऱ्या वाढवणे ही कामे यादीच्या पहिल्या पानावर येतील.